पुढचा खेळतो, मागचा भोगतो

गोल्फमध्ये पंच नसतो. मोठ्या स्पर्धांत नियमांचे जाणकार फिरत असतात, बोलावलं की येतात. पण रविवारी सकाळी चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीत, येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर किंवा सिडकोच्या खारघर व्हॅलीत जे चार-चार जण खेळायला उतरतात, त्यांच्यावर नजर ठेवायला कोणी नसतं. जागा शंभरेक एकर किंवा त्याहून मोठी, मध्ये झाडी, चढउतार, ओढे. चेंडू झाडामागे गेल्यावर तो पायाने हळूच सरकवला की नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्यामुळे या खेळात लेखी नियमांइतकंच वजन रीतीभातीला आलं. लेखी नियमांची सर्वांत जुनी यादी १७४४ ची, एडिंबराजवळच्या लीथ गावी खेळणाऱ्यांनी स्पर्धेसाठी केलेली. तिच्यात कलमं फक्त १३. पुढे पुस्तक फुगत गेलं. २०१८ पर्यंत त्याचं पहिलंच प्रकरण शिष्टाचाराचं होतं. सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी २०१९ साली पुस्तक नव्याने मांडलं, तेव्हा ते प्रकरण गेलं आणि त्याचं सार नियम १.२ मध्ये आलं: सचोटीने खेळा, इतरांची कदर करा, मैदान जपा. हे पाळलं नाही म्हणून एरवी एकही फटका दंड होत नाही. क्लबने स्वतःची आचारसंहिता केली असेल तर तिच्याप्रमाणे दंड होतो, आणि वर्तन फारच गंभीर असेल तर स्पर्धेतून थेट बाद.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं साहेबी सोवळं वाटतं. थोडं आहेही, त्याबद्दल पुढे बोलू. पण गोल्फरांच्या तक्रारी एकेक करून उलगडल्या तर बहुतेकींचं मूळ एकाच जागी सापडतं. या खेळात चूक करणारा पुढे निघून जातो आणि तिची किंमत मागून येणारा मोजतो. शिवाय खेळाचा पायाच असा की चेंडू जिथे आणि जसा पडला असेल, तिथून तसाच खेळायचा. तुम्ही मैदानाची जी अवस्था करून गेलात, ती मागच्याच्या माथी बसते. तो कोण हे बहुधा तुम्हाला दिसतही नाही.

आधी खेळाची आखणी दोन ओळींत सांगतो. प्रत्येक होलची सुरुवात टीवरून. पुढे कातरलेला रुंद पट्टा तो फेअरवे, त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेलं गवत म्हणजे रफ, अधेमधे वाळूचे खड्डे ते बंकर, आणि शेवटी अगदी बारीक कापलेलं ग्रीन. त्यात सव्वाचार इंच व्यासाचं भोक, भोकात झेंड्याची काठी. असे १८ होल क्रमाने खेळायचे. चौघांचा गट निघाला की आठ-दहा मिनिटांनी पुढचा गट त्याच वाटेने निघतो. चार तास ही रांग चालू असते.

पहिली कुरबूर टीवरच सुरू होते, आवाजावरून. वानखेडेवर हजारो लोक ओरडत असताना फलंदाज षटकार मारतो, मग गोल्फरला खोकलासुद्धा का सहन होत नाही? क्रिकेटमध्ये चेंडू येतो आणि फलंदाज त्याला उत्तर देतो. गोल्फचा चेंडू निपचित पडलेला असतो. कधी सुरुवात करायची हे खेळणाराच ठरवतो, आणि एकदा चेंडू मारायची काठी मागे गेली की सेकंद-दीड सेकंदात सगळं उरकतं. सतत चाललेल्या आवाजाचं काही वाटत नाही. डोक्यावरून विमान गेलं, शेजारच्या रस्त्यावर हॉर्न वाजत राहिले, तरी फटका नीट बसतो. घात होतो तो शांततेत अचानक आलेल्या आवाजाने. हातमोज्याचं व्हेल्क्रो ‘चर्र’ करून सुटणं, खिशातली नाणी खुळखुळणं, फोनची रिंग. मुद्दाम कोणी करत नाही, पण नेमकं काठी वर गेली की होतं.

उभं राहण्याच्या जागेचंही तसंच. खेळणाऱ्याच्या बरोबर पाठीमागे किंवा चेंडू जाणार त्या रेषेत मागे उभं राहिलं की डोळ्याच्या कोपऱ्यात हालचाल दिसते. त्याच्या समोरच्या बाजूला, जरा दूर, स्वस्थ उभं राहावं. सकाळी सात वाजता सावल्या लांबलचक असतात. तुम्ही वीस फुटांवर असलात तरी तुमची सावली त्याच्या चेंडूवर असू शकते. अलीकडे बग्गीत स्पीकर लावून गाणी ऐकत खेळणाऱ्यांची भर पडली आहे. आपल्या चौघांना चालत असेल तर चालू दे, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या होलवरच्या माणसाने पट (ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवायचा फटका) मारण्याआधी कोणतं गाणं ऐकावं, हे त्यांनीच ठरवलेलं असतं.

टीवरची एक चूक मात्र मागच्याला नाही, पुढच्याला भोवते, आणि ती सगळ्यांत धोक्याची. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४६ ग्रॅमचा असतो, पण टणक, आणि साधा क्लबचा खेळाडूसुद्धा ड्रायव्हर या लांब काठीने मारला तर तो ताशी २०० किलोमीटरच्या घरात निघतो. फटका वाकडा गेला, दुसऱ्या होलच्या दिशेने वळला, की ‘फोर!’ अशी आरोळी ठोकायची असते. पुष्कळ जण ठोकत नाहीत. एकतर वाटतं, चेंडू तिथवर जाणार नाही. दुसरं, आरोळी ठोकणं म्हणजे आपला फटका बिघडला हे सगळ्या कोर्सला सांगणं. तेव्हा ते ‘अरेरे’ पुटपुटतात, आणि ते पलीकडच्याला ऐकू जात नाही. चेंडू हवेत पाच-सहा सेकंद असतो. विचार करण्यात तीन घालवले तर ऐकणाऱ्याला उरतं काय? आरोळी ऐकणाऱ्याने वळून, मान वर करून चेंडू शोधू नये. दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकावं, जवळ झाड किंवा बॅग असेल तर तिच्याआड. पॅरिसजवळ २०१८ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका-युरोप सामन्यात, जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एकाचा चेंडू प्रेक्षकांत गेला आणि एका बाईंची एका डोळ्याची दृष्टी गेली. इतक्या वरच्या दर्जाच्या खेळाडूच्या हातून हे होतं, तर आपली काय कथा.

आपल्याकडच्या जुन्या क्लबांत यासाठी आगेवाला असे. कलकत्त्याच्या १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता क्लबसारख्या ठिकाणी हा माणूस पुढे जाऊन उभा राहायचा आणि चेंडू कुठे पडला ते पाहून ठेवायचा. आज ते काम बहुधा बॅग वाहणारा कॅडीच करतो. पुढचा गट हळू चालला आहे म्हणून त्यांच्या अंगावर ‘आठवण’ म्हणून चेंडू मारणारे महाभागही असतात. हा राग नव्हे, गुन्हा आहे, आणि कोणत्याही क्लबने अशा माणसाला त्या दिवशी घरी पाठवावं.

फेअरवेवर आलं की मातीचा हिशेब सुरू होतो. लोखंडी काठीचा नीट बसलेला फटका चेंडूनंतर जमिनीत शिरतो आणि गवताची एक चकती उडवतो. तिला डिव्हट म्हणतात. डिव्हट काढणं ही चूक नव्हे. मागे राहिलेला खड्डा तसाच सोडून जाणं ही चूक. मागच्याने सरळ, सुंदर दोनशे यार्ड मारले आणि त्याचा चेंडू जाऊन बरोबर त्या खड्ड्यात बसला, तर नियमांत सूट नाही. तसाच खेळायचा.

तो खड्डा बुजवायचा कसा, याबद्दल टीव्हीवरची सवय आपल्याकडे नेहमी कामाची नाही. स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या थंड हवेतल्या गवताची उडालेली चकती उचलून परत जागेवर ठेवली, पायाने दाबली, तर ती मूळ धरते. आपल्याकडच्या गरम हवेतल्या कोर्सवर मुख्यतः बर्म्युडा जातीचं गवत असतं. बर्म्युडा म्हणजे कोणी परदेशी पाहुणा नाही. आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, तीच ही. नांगरलेल्या शेतातून हरळी काढताना शेतकरी का वैतागतो, ते आठवलं की पुढचं समजतं. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. तुटलेला पातळ तुकडा उन्हात तासाभरात वाळून जातो, तो परत ठेवून उपयोग नसतो. पण खड्ड्यात वाळू भरली तर कडेची हरळी तिच्यातून आपले धुमारे पसरते आणि खड्डा आपोआप मिटतो. म्हणून आपल्याकडे कॅडीच्या खांद्यावर किंवा बग्गीला वाळूची पिशवी असते. वाळू जमिनीच्या पातळीला भरून पायाने सपाट करायची. कमी घातली तर खळगा राहतो. ढीग केला तर गवत कापायच्या यंत्राची पाती बोथट होतात आणि माळी शिव्या घालतो. तुकडा जाड असेल, खाली माती धरून आला असेल, तर मात्र परत बसवून बघायला हरकत नाही.

टीवर उभं राहून सरावाच्या नावाखाली तीन-चार वेळा काठी जमिनीत हाणणारे आणि प्रत्येक वेळी एक चकती उडवणारे वेगळेच. सराव हवेत करता येतो.

पावसाळ्यात भर पडते बग्गीची. ओल्या मातीवरून जड चाक गेलं की मातीतल्या हवेच्या पोकळ्या चेपतात, पाणी मुरत नाही, मुळांना श्वास घेता येत नाही. त्या चाकोऱ्या दिवाळीनंतरसुद्धा दिसत राहतात. म्हणून बग्गी फक्त पक्क्या रस्त्यावरून न्या, अशी पाटी लागते. एरवीही चेंडूच्या समोर येईपर्यंत रस्त्यानेच जायचं आणि मग काटकोनात फेअरवेवर वळायचं, ही रीत आहे. आपल्या गुडघ्याचं कारण सांगून ग्रीनच्या कडेपर्यंत बग्गी आणणाऱ्यांचे गुडघे क्लबहाउसच्या जिन्यावर कसे बरे होतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

बंकरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खेळून झालं की दाताळ्याने वाळू सारखी करायची. आत शिरताना आणि बाहेर पडताना खालच्या बाजूने, म्हणजे उभी कड ढासळत नाही. दाताळं बंकरच्या बाहेर, खेळाच्या दिशेला समांतर ठेवायचं. कोणाच्या तरी बुटाच्या ठशात आपला चेंडू रुतलेला सापडला तर सूट नाही, आणि फटक्याआधी चेंडूच्या मागची वाळू काठीने चाचपायचीही मुभा नाही. ‘कॅडी करेल’ म्हणून लोक निघतात. पण एकच कॅडी दोघांच्या बॅगा वाहत असला, तर तो त्या वेळी दुसऱ्याच्या चेंडूपाशी असतो.

खरी नाजूक जागा ग्रीन. तिथलं गवत तीन मिलिमीटरच्या आसपास कापलेलं असतं. एवढ्या आखूड गवतावर सगळी गंमत अशी की चेंडू जमिनीवरून घरंगळतो आणि जमीन जे सांगेल ते ऐकतो. बुटाची टाच घासत चाललेल्या माणसाचा ओरखडा, कोणी पुसून न गेलेला खळगा, भोकाची दबलेली कड, यांतली एकेक गोष्ट दोन फुटांचा पट चुकवायला पुरते. लहान गावांत आणि छावण्यांत जुन्या काळी ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. तिथे काम सोपं होतं, पाट्याने किंवा चटईने वाळू ओढली की झालं. गवत तसं ओढून सपाट होत नाही.

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळतो तेव्हा खळगा पडतो. तो पिच मार्क. तो लगेच दुरुस्त केला तर गवत थोड्या दिवसांत भरून येतं. सोडून दिला तर मधलं गवत मरतं आणि डाग कितीतरी आठवडे राहतो. दुरुस्तीसाठी दोन दातांचा छोटा काटा मिळतो. तो बहुतेकांच्या खिशात असतो आणि बहुतेक जण तो चुकीचा वापरतात. काटा खळग्याच्या मध्यभागी खुपसून खालची माती वर उचकटली की भरून आल्यासारखं दिसतं, पण मुळं तुटतात आणि आठवड्याभरात तिथे तपकिरी ठिपका येतो. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा बरं नाही. बरोबर रीत अशी: काटा खळग्याच्या बाहेरच्या कडेला, निरोगी गवतात खुपसायचा आणि कडेची हिरवळ मध्यभागाकडे ढकलायची. असं चारी बाजूंनी केलं की खळगा लहान होत मिटतो. मग पटरच्या (पट मारायच्या काठीच्या) तळाने किंवा पायाने हलकेच थोपटायचं. वीस सेकंदांचं काम. आपला मिटवला की शेजारचा आणखी एक मिटवावा, कारण कोणीतरी पुढे गेलेलाच असतो. पूर्वी बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे पटआधी सारखे करायला बंदी होती. २०१९ पासून तीही उठली आहे, त्यामुळे नियमाची सबब आता नाही.

मग ‘लाइन’. चेंडूपासून भोकापर्यंत ज्या मार्गाने पट जाणार, त्यावर पाय द्यायचा नाही. इतक्या आखूड गवतावर माणसाच्या वजनाचा ठसा काही मिनिटं राहतो. तज्ज्ञ मंडळी भोकापलीकडचे दोन-तीन फूटही सोडतात, कारण पट पुढे गेला तर परतीचा तिथूनच मारायचा असतो. या एका रीतीवरून दोन खंडांत भांडण झालं होतं. १९९९ चा रायडर कप, अमेरिकेतलं ब्रुकलाइन, सतरावं ग्रीन. जस्टिन लेनर्डने सुमारे ४५ फुटांचा पट घातला आणि अमेरिकी खेळाडू, त्यांच्या बायका, इतर मंडळी आनंदाने ग्रीनवर धावून आली. स्पेनच्या होसे मारिया ओलाथाबालचा पट अजून व्हायचा होता, आणि तो पडला असता तर सामना जिवंत राहिला असता. गर्दी पांगेपर्यंत तो उभा राहिला, मग खेळला, चुकला. कप अमेरिकेने एका गुणाने जिंकला. युरोपात त्याचा राग बरीच वर्षं धुमसत राहिला. लाइनवर कोणाचा पाय पडला की नाही, हा वाद गौण होता. ज्याची पाळी आहे त्याच्यापुरता खेळ संपलेला नसतो, हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

भोकाच्या कडेला जपावं लागतं. पटरवर रेलून वाकून चेंडू काढणं, पटरच्या डोक्यानेच चेंडू खरवडून वर आणणं, झेंड्याची काठी बाहेर काढताना ओढाताण करणं, यांनी कड तुटते. दुपारपर्यंत भोकाचा आकार वाटोळा राहत नाही. रागाच्या भरात पटर जमिनीवर आपटणं ही पुढची पायरी. २०१९ च्या फेब्रुवारीत सौदी अरेबियातल्या स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने रागाने अनेक ग्रीन खराब केली. त्याच्या मागून येणाऱ्यांना त्याच ग्रीनांवर पट करायचे होते. गंभीर गैरवर्तनाच्या नियमाखाली त्याला बाद केलं गेलं. त्याने माफीही मागितली.

चेंडू उचलण्याआधी त्यामागे नाणं किंवा खूण ठेवायची असते. काही लोक नाणं चेंडूच्या पुढच्या बाजूला सरकवून ठेवतात आणि चेंडू परत ठेवताना नाण्याच्याही पुढे. दरवेळी बोटभर फायदा. याला प्रामाणिक चूक म्हणण्याइतकं माझं मन मोठं नाही.

खेळाडूंच्या आपसांतल्या त्रासांत पहिला नंबर न मागितलेल्या सल्ल्याचा. ‘डोकं वर आलं तुझं’, ‘खांदा वळतच नाही’. सांगणाऱ्याचा स्वतःचा चेंडू तळ्यात गेलेला असतो. गंमत अशी की स्पर्धेत हे निव्वळ आगाऊपणाचं नाही, नियमबाह्य आहे. नियम १०.२ नुसार स्पर्धेत दुसऱ्याला सल्ला देता येत नाही आणि आपल्या कॅडीखेरीज कोणाला विचारताही येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, दंड दोन फटके. कोणती काठी घेतलीस, एवढं विचारणंही त्यात येतं. मैत्रीच्या खेळात हा दंड कोणी लावत नाही, म्हणून गुरुजींचं फावतं.

दुसरा त्रास, आणि तो फक्त आपल्याकडचा म्हणावा इतका ठळक, कॅडीवर ओरडण्याचा. परदेशात बरेच जण आपली बॅग आपणच ओढतात. आपल्याकडे कॅडी असतोच. पट चुकला की ‘तूच म्हणालास ना डावीकडे!’ लाइन त्याने सांगितली, पण मारला कोणी? चेंडू झाडीत हरवला तर तो शोधायला काटेरी झुडपांत शिरणारा तो, आणि सापडला नाही तर बोलणी खाणाराही तोच. उभा दिवस खेळ पाहणाऱ्या या पोरांना खेळ कळत नाही, हा समज तर फारच मजेशीर. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. सर म्हणवून घेणाऱ्यांपैकी किती जणांना ते जमलं असतं?

हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, मुद्दाम वाढता ठेवून क्लबची बक्षिसं नेणारे सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्यावर शाई घालवत नाही. आणि कपड्यांचे नियम? कॉलरचा शर्ट, तो आत खोचलेला, अमुक लांबीची चड्डी. टी-शर्टमुळे गवत मरत नाही, रांग अडत नाही, कोणाच्या डोक्याला लागत नाही. हे नियम कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं त्या काळातले आहेत, आणि शिष्टाचाराच्या यादीत त्यांना बाकीच्यांच्या शेजारी बसवल्याने बाकीच्यांची किंमत कमी होते. क्लबला ते हवे असतील तर ठेवावेत. पण चुरगळलेला शर्ट घालून पिच मार्क मिटवणारा माणूस मला इस्त्रीच्या शर्टातल्या न मिटवणाऱ्यापेक्षा बरा सोबती वाटतो.

आता मुख्य दुखण्याकडे. जगात कुठल्याही कोर्सवर विचारा, सर्वांत मोठी तक्रार संथ खेळाची. साधा हिशेब करून पाहा. क्लबचा मध्यम खेळाडू अठरा होलांत ९० फटके मारतो. चौघांचे झाले ३६०. प्रत्येकाने प्रत्येक फटक्याला १० सेकंद जास्त घेतले तर ३,६०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक तास. आणि त्यातल्या कोणालाही आपण हळू खेळतो असं वाटत नाही. दहाच सेकंद तर!

तो तास त्यांच्यापुरता राहत नाही. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक चढावर रेंगाळला की मागे दोन मैल गाड्या थांबतात, आणि त्या ट्रकवाल्याला समोर मोकळा रस्ताच दिसतो. अगदी तसं. आपण नीट चाललो आहोत का, हे मागे पाहून कळत नाही. पुढचा गट किती जवळ आहे यावरून कळतं. तुमच्यापुढे एक अख्खा होल रिकामा असेल तर तुम्ही संथ आहात, मागचे कितीही गोड हसत असले तरी.

वेळ जातो कुठे? फटका मारण्यात फारच थोडा. आपली पाळी येईपर्यंत हात खिशात घालून उभं राहायचं, आणि मग पाळी आल्यावर हातमोजा चढवायला, अंतर मोजायला, काठी निवडायला सुरुवात करायची, यात सगळ्यात जास्त. दोघे एका बग्गीत बसून आधी एकाच्या चेंडूकडे, मग दुसऱ्याच्या, यात. ग्रीनच्या पुढच्या बाजूला बॅग ठेवून, पट संपल्यावर उलटं तिच्याकडे चालत येण्यात. बॅग आधीच पुढच्या टीच्या बाजूला नेऊन ठेवता येते. ग्रीनवरच उभं राहून सहा का सात याची बेरीज करण्यात, तेव्हा मागचे चौघे फेअरवेवर कमरेवर हात ठेवून उभे असतात. आकडा पुढच्या टीवर लिहिता येतो.

आणि हरवलेला चेंडू. शोधायला २०१९ पर्यंत पाच मिनिटं मिळत, आता तीन. तेवढ्यात नाही सापडला तर एक फटका दंड घेऊन पुन्हा मूळ जागेवरून मारायचं. मूळ जागा दोनशे यार्ड मागे असते. म्हणून चेंडू हरवला असेल अशी शंका आली की तिथल्या तिथे ‘प्रोव्हिजनल’ असं मोठ्याने म्हणून दुसरा मारून ठेवायचा. तसं न म्हणता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो, दंडासकट. लोक प्रोव्हिजनल मारत नाहीत, कारण मान्य करायचं नसतं. मग चौघे मिळून झाडीत आठ मिनिटं काठ्यांनी गवत चाळत बसतात.

याच २०१९ च्या नियमांनी एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत अशी शिफारस केली आणि ‘रेडी गोल्फ’ला उघड मान्यता दिली. भोकापासून दूर असेल त्याने आधी, ही जुनी पाळी. पण स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आहे आणि ज्याच्या फटक्याने कोणाला धोका नाही, त्याने खुशाल मारावं. दोघांनी एकमेकांना ‘तुम्ही घ्या’, ‘नाही, तुम्ही’ करत बसण्यात आपली संस्कृती जपली जाते, रांग नाही.

हा रोग टीव्हीवरून येतो असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या टॉरी पाइन्स कोर्सच्या शेवटच्या होलवर जे. बी. होम्सने एका फटक्यासाठी चार मिनिटांहून जास्त वेळ घेतला; त्याच्याबरोबर जिंकण्याच्या शर्यतीत असलेला अ‍ॅलेक्स नोरेन तेवढा वेळ शेजारी उभा होता. दंड झाला नाही. आणि २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत दंड कोणाला झाला? गुआन त्यानलांग या चीनच्या १४ वर्षांच्या हौशी मुलाला, एक फटका. नियमाला धरूनच होता तो दंड, पण मोठ्यांना सोडून पोराला धरलं असं वाटायला जागा राहिली. पोराने तरीही कट, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरची छाटणी, पार केला.

पण सगळं खापर खेळाडूंवर फोडायला मी तयार नाही. पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपावा अशा छोट्या होलवर एका वेळी एकच गट मावतो; पार-४ वर दोन, पार-५ वर तीन. समजा, पार-३ पूर्ण करायला एका गटाला दहा मिनिटं लागतात आणि क्लबने टी टाइम दिले आहेत दर सात मिनिटांनी. मग कोणीही वेळ काढला नाही तरी त्या होलवर रांग साचणारच, आणि प्रत्येक नव्या गटाबरोबर तीन मिनिटांनी वाढणार. रविवारी जास्तीत जास्त लोकांना कोर्सवर सोडायचं आणि मग वेगावर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलला बग्गीतून पाठवून ‘जरा लवकर’ म्हणायला लावायचं, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

उपाय एकच चालतो, पुढे जाऊ देणं. २००४ च्या आधीच्या संहितेत दोघांच्या गटाला तिघा-चौघांवर अग्रक्रम होता आणि एकट्या खेळाडूला तर काही स्थानच नव्हतं. आता गट किती जणांचा यापेक्षा त्याचा वेग पाहतात. मागे थांबलेल्यांनी पुढच्यांना विचारायला लाजू नये. पार-३ च्या टीवर गाठ पडते तेव्हा ‘आम्ही पुढे गेलो तर चालेल का?’ एवढं पुरतं, आणि कॅडीकरवी निरोप धाडण्यापेक्षा स्वतः विचारलेलं बरं दिसतं. पुढे जाऊ देण्याची सोयीची रीत अशी: तुमचे चौघांचे चेंडू ग्रीनवर किंवा आसपास पोचले की ग्रीनवरचे चेंडू खुणा ठेवून उचला, कडेला व्हा आणि मागच्यांना हात करून मारायला सांगा. ते चालत येईपर्यंत तुम्ही पट उरकून घ्या. मग ते आपले पट करतील आणि पुढच्या टीवर आधी मारतील. दोन्ही गटांचं नुकसान तीन-चार मिनिटांचं.

यात ज्यांना वाट मिळाली त्यांच्याकडेही एक काम येतं. झटपट मारायचं, आणि त्या एका होलवर चेंडू झाडीत गेला तर शोधायचा नाही, दुसरा टाकून चालायला लागायचं. वाट मागून पुढे जायचं आणि मग तिथेच तीन मिनिटं गवत चाळायचं, म्हणजे कडेला उभ्या असलेल्या चौघांना आपल्या सौजन्याचा पश्चात्ताप करायला भरपूर वेळ देणं.